प्रकाशाचा सांधा

मराठीतले काही शब्द मोठे कष्टाळू असतात. चार घरची कामे करतात आणि तक्रार म्हणून करीत नाहीत. 'सांधा' हा त्यांपैकीच एक. सत्तरी उलटली की गुडघ्यात जो दुखतो तो सांधा. सुताराने चौकटीच्या दोन लाकडांचा मेळ घातलेला असतो तोही सांधा. आणि आगगाडीच्या एका रुळातून दुसरा रूळ जिथे फुटतो, गाडीने डावीकडे जायचे की उजवीकडे याचा जिथे निकाल लागतो, ती जागाही सांधाच. इंग्रजांनी आगगाडी आणली तेव्हा तिच्याबरोबर स्टेशन आले, सिग्नल आला, गार्ड आला, तिकीट आले. ते शब्द आपण आहेत तसे घेतले. या जागेला मात्र आपल्या माणसांनी घरातला शब्द दिला, आणि तिथे उभा राहून रूळ इकडचा तिकडे करणाऱ्याला सांधेवाला म्हटले.

माझे वडील सांधेवाले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ते जी. आय. पी. रेल्वेत लागले. १९५१ साली जी. आय. पी.ची मध्य रेल्वे झाली, पण आमच्या घरात शेवटपर्यंत 'जीआयपी'च चालू राहिली. माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, बालपण खंडाळ्याला रेल्वेच्या चाळीत गेले. आता मी लोणावळ्यात राहतो. मुंबई-पुण्याच्या मंडळींना आमचा हा मावळचा माथा म्हणजे चिक्की, भुशीचे धरण आणि धुके. आम्हा रेल्वेच्या पोरांना मात्र पहिल्यांदा आठवतो तो घाट.

हा बोरघाट साधा नाही. १८५६ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८६३ साली पहिल्यांदा गाडी घाट चढून वर आली. खंडाळा ते पुणे हा रूळ तयार होऊन १८५८ सालापासून गाड्या धावत होत्या. मधली ही काही मैलांची उभी भिंत तेवढी उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा खटाऱ्यातून ओलांडावी लागे. चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट. पूर्वी वाटेत एके ठिकाणी गाडी थांबे, इंजिन एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला लावीत आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ साली नवी वाट निघाली आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. आजही वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात आणि ती तिला ढकलीत वर आणतात.

चढणाऱ्या गाडीची काळजी इंजिन करते. उतरणाऱ्या गाडीची काळजी सांधा करतो. उतारावर ब्रेक निकामी झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तर घाटात रुळांनीच लिहून ठेवले आहे. काही ठिकाणी मुख्य रुळातून एक आडवाट फुटते. ती डोंगराच्या अंगाने वर चढत जाते आणि संपते. तिथला सांधा नेहमी त्या आडवाटेच्या बाजूलाच लावून ठेवलेला असतो. गाडीने आधी थांबायचे, आपण आपल्या ताब्यात आहोत हे दाखवायचे, मग सांधा फिरतो आणि पुढची वाट मोकळी होते. जी थांबू शकत नाही ती आपोआप आडवाटेला लागते आणि चढावर दमून उभी राहते. म्हणजे कोणी काहीच केले नाही तरी माणसे वाचतील, अशी सांध्याची मूळ ठेवण. लहानपणी मला यात काही विशेष वाटले नव्हते. आता वाटते.

अण्णांचा एक मंत्र होता, "आधी सांधा, मग सिग्नल." कॅबिनमधल्या दांड्यांची रचनाही तशीच असे. सांधा नीट बसून त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलतच नसे. वाट तयार नसताना 'ये' म्हणायचे नाही. आमच्या आईने हा नियम घरातही लागू केला होता. घरात पीठ नसताना पाहुण्याला जेवायला थांबवायचे नाही!

गाडी जाताना आम्ही मुले हात हलवीत असू. उतारू ड्रायव्हरचे कौतुक करीत, गार्डाच्या हिरव्या झेंडीचे करीत. कॅबिनमधल्या माणसाकडे पाहून कोणी हात हलवल्याचे मला आठवत नाही. अण्णांनाही त्याचे काही वाटत नसे. "माझी आठवण होते ती गाडी रुळावरून घसरली तर," ते म्हणत, "तेव्हा न झालेली बरी."

हे सगळे जुने पुराण मी आज काढतो आहे त्याला कारण माझी भाची. अक्का लग्न होऊन दादरला गेली. तिची ही मुलगी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करते. ती नेमके काय करते हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. एकदा गणपतीला आली असता मी तिला सरळ विचारले. तिने हातातली करंजी खाली ठेवली आणि म्हणाली, "मामा, अण्णाआजोबा करायचे तेच. मी सांधे बदलते. त्यांच्या सांध्यावरून गाडी जायची, माझ्या सांध्यावरून प्रकाश जातो."

मग तिने जे सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

आपण टेलिफोनवर बोलतो, मुलाचे छायाचित्र पाहतो, बँकेतले पैसे इकडचे तिकडे करतो, ते सारे आज बहुतेक प्रवास काचेच्या तंतूतून करते. हा तंतू जाडीला मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका. त्याच्याही पोटात प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांत अगदी थोडा फरक असतो. त्या फरकामुळे आत शिरलेला प्रकाश कडेला आपटून पुन्हा आतच वळतो आणि बाहेर सांडत नाही. १८४१ च्या सुमारास कोलाडाँ नावाच्या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञाने हा खेळ पाण्याच्या धारेवर करून दाखवला होता. टाकीच्या भोकातून पडणाऱ्या धारेत प्रकाश सोडला, तर तो धारेबरोबर वाकून खाली उतरला. आमच्याकडे आषाढात डोंगराच्या प्रत्येक सुरकुतीतून धारा पडतात. त्या पाहताना हे मला अनेकदा आठवते.

पाण्याच्या धारेपासून काचेच्या तंतूपर्यंत यायला शंभरावर वर्षे लागली. पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. पण दूर जायचे तर काच फारच मळकट होती. खिडकीची काच समोरून स्वच्छ दिसते, पण तिच्या कडेकडून पाहा, हिरवट दिसेल. ती हिरवट छटा म्हणजे काचेतला लोखंडाचा अंश, प्रकाश खाणारा. चार्ल्स काओ यांनी १९६६ साली इंग्लंडात दाखवून दिले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे. मळ काढला आणि एक किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा जरी उरला, तरी तंतूने बोलता येईल. १९७० साली अमेरिकेत तेवढी शुद्ध काच ओढली गेली. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. आजच्या काचेत तर १५ किलोमीटरनंतर निम्मा प्रकाश शिल्लक असतो. लोणावळ्याहून निघालेला प्रकाश रुळाकडेने ६४ किलोमीटर जाऊन पुण्याला पोचतो तेव्हा त्याचा विसावा हिस्सा उरलेला असतो, आणि तेवढा पुरतो.

आणि वाचकहो, आपल्या पुणेकरांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट यात आहे. भारतात टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारा पहिला प्रकाशतंतू १९७९ साली बसवला गेला तो पुण्यात. पुणेकरांनी त्यावर पाटी कशी लावली नाही, याचेच मला नवल वाटते.

आता सांध्याकडे वळू. तंतू एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो हे ठीक. पण मुंबईहून निघालेला निरोप कोणता पुण्यात उतरायचा, कोणता सोलापूरला जायचा, कोणता हैदराबादला, हे कोठेतरी वळवावे लागणारच. पूर्वी हे काम करायचे तर प्रकाशाची आधी वीज करीत. विजेच्या यंत्राने निरोप वाचून वाटणी करायची आणि पुन्हा त्याचा प्रकाश करून पुढे पाठवायचा. भाची सांगू लागली तेव्हा मला पुणे स्टेशन आठवले. १९७१ सालच्या आधी मिरजेकडचा रूळ मीटर गेजचा होता. मुंबईहून सांगली-कोल्हापूरला जाणाऱ्यांनी पुण्याला वळकट्या, ट्रंका, पोरे आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन उतरायचे, हमालाशी हुज्जत घालायची आणि दुसऱ्या गाडीत चढायचे. प्रकाशाची वीज आणि विजेचा प्रकाश म्हणजे हीच गाडीबदल. वेळ जातो, वीज खर्च होते, यंत्रे तापतात. नुसते वळायचेच असेल तर उतारूंना खाली उतरवायचे कशाला? सांधा बदलावा, गाडी वळेल.

प्रकाशाचे सांधे अनेक तऱ्हेचे असतात. सर्वांत सोप्यात एक इवलासा आरसा किंवा लोलक प्रकाशाच्या वाटेत सरकतो आणि मागे येतो. यात अण्णांच्या दांड्यासारखेच काहीतरी हलते, पण काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत होते. दुसऱ्या तऱ्हेत सिलिकॉनच्या पट्टीवर सूक्ष्म आरशांच्या रांगा कोरलेल्या असतात. प्रत्येक आरसा जरासा कलतो आणि आपला किरण हव्या त्या तंतूच्या तोंडाशी नेमका सोडतो. गूगल कंपनीने २०२२ साली आपल्या माहितीच्या कोठारांत वापरलेला असा सांधा जाहीर केला. त्यात १३६ वाटा आत येतात आणि १३६ बाहेर जातात, कोणतीही कोणालाही जोडावी. तिसऱ्या तऱ्हेत काहीच हलत नाही. प्रकाश दोन वाटांत विभागतात, एक वाट किंचित तापवतात आणि पुढे दोन्ही एकत्र आणतात. तापलेल्या काचेत प्रकाशाची चाल जराशी बदलते. लाटेवर लाट बरोबर बसली की प्रकाश एका दाराने बाहेर पडतो, लाट आणि खळगा समोरासमोर आले की दुसऱ्या दाराने. लिथियम निओबेट नावाच्या स्फटिकात उष्णतेऐवजी विजेच्या दाबाने हेच होते, आणि इतक्या झटपट की सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या एखाद-दुसऱ्या भागात सांधा फिरून मोकळा. हेवलेट-पॅकार्डमधून निघालेल्या ॲजिलंट कंपनीने २००० साली तर बुडबुड्याचा सांधा केला होता. दोन वाटांच्या चौकात द्रवाचा थेंब असला तर प्रकाश सरळ जाई, तिथे बुडबुडा आणला की त्यावर आपटून वळे. अशी तऱ्हेतऱ्हेची माणसे नि तऱ्हेतऱ्हेची डोकी!

शिवाय एका तंतूतून एकच प्रकाश जात नाही. थोड्याथोड्या फरकाचे कितीतरी 'रंग' एकाच वेळी जातात, प्रत्येक रंग म्हणजे एक स्वतंत्र गाडी. रंग म्हणायचे इतकेच, कारण ते तांबड्याच्याही पलीकडचे असून आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतले चार रंग पुण्याला उतरवायचे आणि बाकीचे पुढे सोडायचे, जंक्शनवर डबे तोडावे तसे, हेही सांधाच करतो.

"पण मग आत काय लिहिले आहे ते त्याला कळते का?" मी विचारले.

"मुळीच नाही," भाची म्हणाली. "आरशाला काय कळणार? अण्णाआजोबा कधी डब्यात डोकावून बघायचे का, कोण बसलंय ते?"

डोकावत नसत हे खरे. पण आत माणसे आहेत हे त्यांना ठाऊक असे. मी ते त्या वेळी बोललो नाही.

माझ्या मनात दुसराच प्रश्न आला. वीज गेली तर? तिने समाधानाने मान हलवली, जणू मी परीक्षेतला अवघड प्रश्न ओळखला होता. म्हणाली, काही सांधे वीज गेली तरी शेवटच्या जागेवर घट्ट बसून राहतात, काही आपोआप ठरलेल्या बाजूला परत येतात. कोणत्या ठिकाणी कोणता बसवायचा हे ठरवणे हे तिच्या कामाचे मर्म. मी तिला घाटातली आडवाट सांगितली. तिने ती कधी पाहिली नव्हती, पण पहिल्याच वाक्याला तिला ती समजली.

या सांध्यांची खरी कसोटी लागते ती वाट तुटली की. रुळाच्या कडेने, रस्त्याच्या कडेने जमिनीत केबली पुरलेल्या असतात. कोठे दरड येते, कोठे खोदाईच्या यंत्राचा पंजा लागतो. म्हणून महत्त्वाच्या वाटेला दुसरी वाट आधीच जोडून ठेवतात. येणाऱ्या प्रकाशाचा चिमूटभर भाग बाजूला काढून त्यावर सतत नजर ठेवलेली असते. अंधार झाला की सांधा फिरतो. दंडक असा की हे सारे ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात व्हावे. पापणी लवायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. दुसरी वाट तीनशे किलोमीटर लांबची असली तरी प्रकाशाला दीड मिलिसेकंदच जास्त लागतो. काचेतही तो सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो.

आता २०१९ सालच्या ऑगस्टची गोष्ट. त्या वर्षी घाटात दरडी कोसळल्या आणि मुंबई-पुणे रेल्वे बरेच दिवस बंद पडली. नेमकी त्याच वेळी अक्का मुंबईला इस्पितळात होती. वय झालेले, छातीत पाणी झालेले. रस्त्यानेही निघू नये असे साऱ्यांनी मला बजावले. बाहेर असा पाऊस की समोरचे घर दिसत नव्हते. भाचीने तिथून फोन लावला आणि पडद्यावर अक्काचा चेहरा आला. अर्धा तास आम्ही बोललो. बोललो म्हणजे काय, तिने विचारले, पाऊस कसा आहे. मी म्हटले, आपल्या चाळीत असायचा तसा. मग ती अण्णांच्या हातबत्तीबद्दल बोलू लागली. रात्रपाळीहून येताना ते बत्तीची हिरवी काच आमच्याकडे फिरवीत, म्हणजे आई दार उघडी. ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. तिसऱ्या दिवशी अक्का गेली. मी पोचू शकलो नाही.

आमच्या शेजारी राहणारा एक तरुण केबल जोडण्याच्या कामावर असतो. अक्काच्या बातमीनंतर तो भेटायला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, त्या रात्री साडेनऊच्या सुमारास खंडाळ्याखाली मातीबरोबर केबल तुटली होती, पहाटेपर्यंत तिथेच होतो. साडेनऊला आम्ही बोलत होतो. मी भाचीला विचारले, मग आमचे बोलणे कसे तुटले नाही? ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "त्या तंतूतून त्या क्षणी जे जात होतं ते सगळं दुसऱ्या वाटेने गेलं असणार, नाशिकवरून नाहीतर साताऱ्यावरून. तुमचं बोलणं त्यात होतं की नाही, ते सांध्याला माहीत नसतं, मामा."

मला अण्णांची आठवण झाली. गाडी रुळावरून घसरली नाही म्हणून कोणाला कॅबिनची आठवण झाली नाही. आम्हालाही झाली नव्हती.

पण त्या शेजारच्या पोराचे ऐकले पाहिजे. सांधा फिरला, बोलणे वाचले, तरी तुटलेली केबल तशीच चिखलात पडलेली होती. दुसरी वाट तुटली असती तर तिसरी नव्हती. ती चार-पाच माणसे रेनकोट घालून, ताडपत्री धरून, टॉर्चच्या उजेडात बसली. केसासारखा एकेक तंतू स्वच्छ पुसायचा, काटकोनात तोडायचा, यंत्रात दोन टोके समोरासमोर धरायची आणि विजेच्या ठिणगीने काच वितळवून एक करायची. मग पुढचा तंतू. जोड जरा वाकडा बसला की प्रकाश तिथे गळतो, तो पुन्हा करायचा. वरून माती घसरते आहे की काय, याकडे एकाने नुसते कान देऊन बसायचे.

म्हणजे यंत्राचा सांधा फार मोठे काम करतो, पण ते वेळ मिळवून देण्याचे. त्या वेळात कोणीतरी जाऊन तुटलेले जोडावे लागते. आपल्या भाषेत वाट बदलते तोही सांधा, आणि तुटलेले जोडायचे तेही सांधणे. ज्याने कोणी हा एकच शब्द दोन्ही कामांना लावला, त्याला काचेचे तंतू ठाऊक नव्हते, पण काम बरोबर ठाऊक होते. वाट वळवून आपण मोकळे झालो असे ज्याला वाटते, त्याच्या हाती सांधा देऊ नये. हे मी रेल्वेबद्दल म्हणतो, केबलीबद्दल म्हणतो, आणि चार भावंडांच्या घरांबद्दलही म्हणतो.

अण्णांच्या कॅबिनसारख्या कॅबिनींचे दिवस सरत चालले आहेत. आता बटण दाबले की सांधा फिरतो आणि दिव्यांचे सिग्नल लागतात. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पावसात दांडा ओढून ओढून अण्णांचा खांदा निकामी झाला होता, तसा कोणाचा आता होऊ नये. भाचीची रात्रपाळीही बहुधा तेव्हाच असते जेव्हा सारे जग झोपलेले असते. मुख्य वाटेवर दुरुस्ती काढायची तर रात्री दोनला. वाहतूक आधी दुसऱ्या वाटेवर नेते, ती नीट बसली याची खात्री करते, मगच खालच्या माणसांना 'आता हात लावा' म्हणून सांगते. आधी सांधा, मग सिग्नल. हे तिला कोणी शिकवले असे मी विचारले, तर म्हणाली, "आईने. पोळ्या झाल्याशिवाय ती पाने वाढू द्यायची नाही."

दिवाळीत आपण दिवे लावतो, ते दिसावेत म्हणून लावतो आणि ते योग्यच आहे. मात्र या दिवसांत परगावच्या लेकीशी, परदेशातल्या मुलाशी बोलाल, पडद्यावर नातवंड फराळाचे ताट पाहून हसेल, तेव्हा जमिनीखालून धावणारा न दिसणारा एक प्रकाशही आपल्या घरी आलेला असतो. त्याला वळवणारे कोणी जागे आहे, आणि तो तुटलाच तर भिजत बसून जोडणारेही कोणी आहे. रस्त्याकडेला 'खाली केबल आहे, खोदू नका' असे लिहिलेला दगड दिसला तर तेवढा जपावा. आणि आमच्या शेजारच्या पोराला या वर्षी चकल्या जास्त पाठवायच्या, असे आमच्या घरी ठरले आहे.